मागच्या महिन्यातल्या माझ्या पोस्टचा खुलासा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण मागची पोस्ट ज्यांनी वाचली, शेअर केली, त्यांनी तरी ही शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मागच्या महिन्यात मी इथेच एक पोस्ट टाकली होती. "पैसे पूर्ण, नेट अर्धं." आपल्या गावात घरोघरी नेट देणाऱ्या एका कंपनीबद्दल ती होती. रागात लिहिली होती आणि राग चांगला उतरला होता, त्यामुळे चालली पण जोरात. माझ्या बातम्यांना कधी मिळत नाहीत इतके शेअर तिला मिळाले. माझ्या चुलत्यांपासून ते माजी नगरसेवकांपर्यंत सगळ्यांनी कमेंटमध्ये आपापला राग काढून घेतला.

ती पोस्ट चुकीची होती. दोष माझ्या घरात होता. आणि तो दुसऱ्या कुणी नाही, मी स्वतःच्या हाताने करून ठेवलेला होता.

आता सविस्तर सांगतो.

आमचं घर बऱ्याच जणांनी बघितलंय. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, माळवदाचा. भिंती दोन-अडीच फूट रुंद, दगड आणि पांढरी माती. मागे नंतर बांधलेलं आरसीसी, त्यावर एक खोली. ती मुलीची. नेटचा डबा पुढच्या सोप्यात, कारण खांबावरची फायबर तिथूनच आत येते. सोप्यातून मागच्या वरच्या खोलीपर्यंत वायफाय जाणं म्हणजे वाड्याच्या दारातून हाक मारून परसातल्या माणसाला ऐकू जाण्यासारखं. मधे दोन भिंती आणि एक स्लॅब.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा मोबाईलवर आल्या, तेव्हा मी सोप्यापासून वरच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढली. अंदाजे पंचवीस मीटर. दुकानं अर्धवट बंद, माणूस यायला तयार नाही. मग व्हिडिओ बघून स्वतःच जॅक मारले. क्रिम्पिंगची पक्कड आणि आठ दिव्यांचा टेस्टर मित्राकडून आणला. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. घरच्यांनी कौतुक केलं. मीही स्वतःला अर्धा इंजिनिअर समजायला लागलो.

ती वायर चार-पाच वर्षं बिनतक्रार चालली. तेव्हा आमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा होता आणि राउटर जुना होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गेल्या दिवाळीत प्लॅन वाढवून २०० चा केला आणि मेश आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेश म्हणजे एकाच नावाचं वायफाय देणारे दोन-तीन डबे. एक मुख्य, बाकीचे त्याचे जोडीदार. जोडीदार डबे मुख्य डब्याशी हवेतून बोलू शकतात, पण घर आमच्यासारखं असेल तर वायरने जोडलेले बरे. मी मुख्य डबा सोप्यात ठेवला, दुसरा वरच्या खोलीत, आणि मधे तीच लॉकडाउनमधली वायर. ॲपमध्ये हिरवी खूण आली. झालं काम.

मुलगी पुण्याहून शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आली तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. वर बसली की मधेच नेट जायचं. अर्धा मिनिट, कधी मिनिटभर. मग आपोआप यायचं. मोबाईलवर व्हिडिओ बघणाऱ्याला ते कळत नाही, कारण व्हिडिओ थोडा पुढचा आधीच उतरवून ठेवलेला असतो. पण समोरासमोर बोलणं चालू असेल तर लगेच कळतं.

एका कंपनीची तिची मुलाखत होती, व्हिडिओ कॉलवर. पंचेचाळीस मिनिटांत तीन वेळा कॉल तुटला. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा समोरच्या बाईंनी सांगितलं, आपण इथेच थांबू, आम्ही कळवू. दोन दिवसांनी नकार आला. नेटमुळेच आला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ती जिन्यात बसून राहिली, जेवायला आली नाही, एवढं मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी तक्रार केली. लाईनमन आला. पंचविशीतला पोरगा. त्यानं फायबरला मीटर लावलं. उणे वीसच्या आसपास आकडा दाखवून म्हणाला, "दादा, लाईट बरोबर येतीय. एक करा, लॅपटॉप आमच्या डब्याला डायरेक्ट वायरनी लावून बघा. तिथं बरोबर असंल तर पुढचा प्रॉब्लेम घरातल्या वायरिंगचा आहे."

मी म्हणालो, "म्हणजे आमचंच चुकतंय का? पैसे घेताना बरं घर दिसत नाही तुम्हाला!"

तो काही बोलला नाही. सही घेतली आणि गेला.

त्या रात्री मी पोस्ट लिहिली. त्यात एक वाक्य होतं: "तंत्रज्ञ आला, आमच्याच घराला नावं ठेवली आणि उडवाउडवीची उत्तरं देऊन निघून गेला." हे वाक्य मी लिहिलं. वाईट म्हणजे, लिहून झाल्यावर मला ते आवडलंही होतं.

पोस्ट गाजली. पण नेट तसंच. नवव्या-दहाव्या दिवशी मुलगीच म्हणाली, "पप्पा, पोस्टीनं काय वायर दुरुस्त होत नाही. तो दादा जे म्हणाला ते एकदा करून तर बघा."

केलं.

लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला लावला. २०० च्या आसपास वेग, एक तास सलग, एकदाही तुटलं नाही. म्हणजे खांबापासून सोप्यापर्यंत सगळं ठीक.

मग लॅपटॉप मेशच्या मुख्य डब्याला वायरने लावला. तिथेही ठीक.

मग वरचा डबा खाली आणला आणि मुख्य डब्याशेजारी ठेवून बॉक्समध्ये आलेल्या छोट्या वायरने जोडला. ठीक. म्हणजे डबा आणि त्याची खाच दोन्ही चांगले.

राहिलं काय? पंचवीस मीटर वायर आणि तिच्या दोन टोकांना मी मारलेले जॅक.

लॅपटॉप त्या वायरच्या वरच्या टोकाला लावला. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. कधी १०००, कधी १००, मधेच "केबल जोडलेली नाही". वायर हलवलीही नव्हती. वेग तपासला तर ९४. परत तपासला, परत ९४. नंतर कळलं की हा ९३-९४ चा आकडा म्हणजे ओळखीची खूण आहे. प्लॅन दोनशे-तीनशेचा आणि वेग नेमका ९४ वर अडकत असेल, तर मधे कुठेतरी जोडणी १०० वर उतरली आहे असं समजायचं.

दोन्ही टोकांचे जॅक उजेडात धरून रंग बघितले आणि डोक्यात प्रकाश पडला.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ देऊन गुंडाळलेली. तो पीळ शोभेचा नाही. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो आणि पलीकडचा डबा दोन्हींतला फरक वाचतो, त्यामुळे गोंगाट वजा होतो. म्हणून एक संदेश एकाच जोडीतून गेला पाहिजे. आणि जॅकमध्ये तिसरी आणि सहावी खाच मिळून एक जोडी धरतात. म्हणून बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीच्या मधे निळी जोडी बसते. दिसायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

मी काय केलं होतं? सगळ्या जोड्या नीट शेजारी-शेजारी बसवल्या होत्या. हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. दिसायला एकदम टापटीप. दोन्ही टोकांना सारखंच, त्यामुळे टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने. तो टेस्टर फक्त तार अखंड आहे का आणि या टोकाची एक नंबर त्या टोकाच्या एक नंबरला पोचते का, एवढंच बघतो. जोडी फुटली आहे हे त्याला कळत नाही. परीक्षेत पास, कामात नापास.

मग चार-पाच वर्षं कसं चाललं? कारण जुना राउटर १०० चा होता. १०० वर चार जोड्यांपैकी दोनच वापरात येतात. चुका तेव्हाही होत असणार, पण ४० च्या प्लॅनमध्ये खपून गेल्या. नवे डबे हजारच्या वेगाने जोडायला बघतात, त्याला चारही जोड्या लागतात. त्यातल्या दोन मी फोडलेल्या. मग लिंक लागायची, पडायची, १०० वर उतरायची, परत चढायचा प्रयत्न करायची.

आणि मेशची गंमत अशी की वायर पडली की तो गप्प राहत नाही, आपणहून हवेतून जोडून घेतो. अडीच फुटाच्या भिंतीतून आणि स्लॅबमधून! ॲपवर हिरवी खूण तशीच. आत बारीक अक्षरात "वायर्ड" चं "वायरलेस" झालेलं, ते कोण बघतं? ते अर्धं मिनिट म्हणजे ही अदलाबदल. माझ्या पोरीची मुलाखत त्यात तीनदा सापडली.

दोन नवे जॅक घेतले. दोन्ही टोकं कापून बरोबर क्रमाने मारले. लिंक १००० वर आली ती आजपर्यंत हललेली नाही. खर्च तीस रुपये सुद्धा नाही.

आता त्या पोराचं.

मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. मालकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "साहेब, तुमच्या पोस्टची दखल घेतलीय. त्याचा आठ दिवसांचा पगार कापला आणि तुमच्या भागातून काढून खेड्यांच्या लाईनवर टाकला." त्यांना वाटलं मी खूश होईन.

खेड्यांची लाईन म्हणजे काय, ते ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना कळेल. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, पेट्रोल बऱ्याचदा स्वतःचं, आणि पावसाळ्यात विजेच्या खांबाशेजारच्या खांबावर चढणं.

मी मालकांना सगळं सांगितलं, लेखी दिलं. पगार परत द्या म्हणालो. बघतो म्हणाले. ते "बघतो" किती दिवसांचं असतं हे मला व्यवसायाने माहीत आहे, म्हणून तीनदा गेलो. परवा पगार परत दिला. भाग मात्र अजून तोच आहे. त्यासाठी मी परत जाणार आहे.

त्या पोरालाही भेटलो. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर. माफी मागितली. त्यानं मान हलवली आणि पहिला प्रश्न विचारला, "जॅकमध्ये जोडी फुटली होती का, दादा?" मी हो म्हणालो. "मला वाटलंच होतं. माळवदाच्या घरात लोकं स्वतःच मारत्यात." आठ दिवसांच्या पगाराबद्दल तो एक शब्द बोलला नाही. चहाचे पैसेही त्यानंच दिले. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं नाव एकदा माझ्यामुळे चर्चेत आलं, तेवढं पुरे.

पत्रकारितेच्या पदविकेला आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी पाठवायची नाही. पेपरात मी ते पाळतो, कारण तिथे संपादक विचारतो. फेसबुकवर कुणी विचारत नाही. दुसरी बाजू माझ्या सोप्यात उभी राहून, हातात मीटर घेऊन, अगदी सोप्या मराठीत बोलत होती. मी ऐकली नाही.

आता हे फक्त माझ्या घराचं असतं तर माफी मागून थांबलो असतो. पण मागच्या आठवड्यात तालुक्यातल्या एका शाळेतून ओळखीच्या सरांचा फोन आला. "तुम्ही नेटबद्दल लिहिता ना? आमच्या संगणक कक्षात महिनोन्महिने नेट नाही. यावरही एक दणका द्या." यावेळी दणक्याच्या आधी लॅपटॉप घेऊन गेलो.

फायबर पोचलेली. डबा चालू. त्यावर वेग ठीक. पुढे आठ खाचांचा स्विच, आणि त्याचे सगळे दिवे एकाच लयीत फडफडत होते. बघितलं तर एका वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. कुणीतरी साफसफाई करताना मोकळं लोंबणारं टोक दिसलं म्हणून चांगल्या मनाने खाचेत घालून ठेवलं होतं. त्यामुळे एकच संदेश स्विचमध्ये गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि बाकी कुणाला बोलायला जागाच उरत नाही. एक टोक काढलं. दोन मिनिटांत सगळे संगणक चालू.

महिनोन्महिने मुलांना नेट नव्हतं, एका टोकापायी. शाळा म्हणते कंपनीचं काम. कंपनी म्हणते आमचं काम डब्यापर्यंत. आणि सरकारच्या कागदावर शाळा "जोडलेली".

मला इथे खरा प्रश्न दिसतो. देशात ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं, २०२३ मध्ये सुधारित योजनेला केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. किलोमीटर मोजले जातात, जोडण्या मोजल्या जातात. पण डब्यापासून पोराच्या बाकापर्यंतचे शेवटचे तीस-चाळीस फूट कुणाच्याच वहीत नाहीत. दाखले, प्रवेश, शिष्यवृत्ती, पीक विमा, मुलाखत, सगळं त्या चाळीस फुटांतून जातं.

उपाय फार मोठा नाही. शाळेत, ग्रामपंचायतीत, आरोग्य केंद्रात वायरिंगचं बिल मंजूर करायच्या आधी प्रत्येक खाचेवर लॅपटॉप लावून वेग लिहून घ्या आणि तो कागद भिंतीवर चिकटवा. आणि तालुक्यात हे काम येणारी चार पोरं असतील तर त्यांना नीट पैसे देऊन वर्षातून दोनदा बोलवा. मी या मागणीचं पत्र पंचायत समितीत दिलं आहे. पोच घेतली आहे. पुढे काय होतं ते इथेच कळवीन.

तोवर घरच्यासाठी, मी शिकलो ते थोडक्यात:

१) तक्रार करायच्या आधी लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला वायरने लावा. तिथे वेग नसेल तर बिनधास्त भांडा. तिथे असेल तर पुढे आपलं घर.

२) मेशचा जोडीदार डबा कंपनीच्या डब्याला थेट लावू नका. क्रम असा: कंपनीचा डबा, मग मेशचा मुख्य डबा, मग लागलाच तर स्विच, मग जोडीदार.

३) कंपनीचा डबाही राउटर, मेशही राउटर, असं दोन-दोन कारभारी ठेवू नका. एकाला ब्रिज मोडमध्ये किंवा दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका.

४) संशय असलेला डबा मुख्य डब्याशेजारी आणून छोट्या तयार वायरने जोडून बघा. तिथे चालला तर दोष लांबच्या वायरीत.

५) जॅकमधले रंग दोन्ही टोकांना बघा. फक्त "दोन्हीकडे सारखे" असून चालत नाही, क्रम बरोबर पाहिजे. माझ्यावरून शहाणे व्हा.

६) वायर घेताना पाकिटावर "सीसीए" लिहिलंय का बघा. म्हणजे वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. तारेवर ब्लेड फिरवा, आत पांढरं निघालं तर पितळ उघडं पडलं. स्वस्त असते, पण वाकवली की तुटते आणि लांबवर दगा देते. एकही तार तुटली तर हजारची जोडणी १०० वर येते किंवा लागतच नाही.

७) लॅनची वायर लाईटच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. आणि एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीवर उघडी तर नकोच. विजा चमकायला लागल्या की डब्यांच्या खाचा जळतात. तिथे फायबरच बरी.

८) लाईनमन काय सांगतोय ते ऐका. तो दिवसाला जितकी घरं बघतो तितकी आपण वर्षात बघत नाही.

मागची पोस्ट मी डिलीट केलेली नाही. डिलीट केली तर चूकही गायब होते. तिच्या वरच "ही पोस्ट चुकीची आहे" असं लिहून या पोस्टची लिंक दिली आहे. पेपरात खुलासा आतल्या पानावर छोट्या चौकटीत टाकायची पद्धत आहे. ती मला कधीच पटली नाही, म्हणून हा खुलासा पिन करून ठेवतोय.

ज्यांनी ती पोस्ट शेअर केली होती, त्यांनी ही पण करा. कमेंटमध्ये त्या पोराला "कामचोर" लिहिणारे सात जण होते. मी मोजलेत. त्यांनी आपापली कमेंट बघावी, एवढंच.

मुलीची दुसरी मुलाखत मंगळवारी झाली. एकदाही तुटली नाही. निकाल यायचा आहे.